मानेवर पिवळट दाणे, तपासायचे मात्र आधी डोळे

वाचकाचं पत्र: माझं वय २४. सातवी-आठवीत असल्यापासून मानेच्या दोन्ही बाजूंना बारीक पिवळट दाणे आहेत. आता काखेत आणि कोपराच्या आतल्या बाजूलाही आलेत. मळ समजून घरी वज्रीने घासून झालं, पार्लरमध्ये दोनदा ब्लीच करून झालं. गेल्या महिन्यात त्वचारोगतज्ज्ञांनी कातडीचा तुकडा काढून तपासला आणि ‘स्युडोझँथोमा इलास्टिकम’ असं लिहून दिलं. डोळे तपासायला सांगितलंय, पण मला चष्मा नाही, सगळं स्वच्छ दिसतं. तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न आहे, आत्याच्या मुलाशी. आई-बाबांचं लग्नही नात्यातलंच. आई ही बाबांच्या मामाची मुलगी. हे दाणे जातील का? आत्याला सांगायचं का? मुलांना होईल का? पाळीत पोट दुखतं म्हणून दर महिन्याला मेफेनामिकच्या गोळ्या घेते, आणि आईने हाडांसाठी कॅल्शियम सुरू केलंय. धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे, कबड्डी खेळतो. त्याची मान स्वच्छ आहे.
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर:

लग्न, आत्या, मुलं या सगळ्याच्या आधी एक काम करा. येत्या पंधरा दिवसांत रेटिना तज्ज्ञांकडे जा. चष्म्याचा नंबर काढणाऱ्या दुकानात नाही, पडद्याच्या डॉक्टरांकडे. सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात ते आहेत, पुण्या-मुंबईला धावायची गरज नाही. तुमच्या त्वचेच्या डॉक्टरांनी नेमका सल्ला दिला आहे आणि ‘सगळं स्वच्छ दिसतं’ हे तो टाळायचं कारण होत नाही. का ते सांगण्यासाठी आजार थोडा उलगडावा लागेल.

त्वचेच्या वरच्या पातळ थराखाली जाड थर असतो. त्यात कोलॅजेन ताकद देतं आणि लवचिक तंतू ताणलेली त्वचा परत जागेवर आणतात, पायजम्यातल्या इलॅस्टिकसारखे. तुमच्या आजारात या लवचिक तंतूंवर कॅल्शियमचे क्षार चढतात. बोअरच्या पाण्याने नळाच्या जाळीवर पांढरा थर धरतो आणि जाळी कडक होते, तसंच काहीसं. क्षार चढलेला तंतू ठिसूळ होतो, तुकडे पडतात, आणि त्या तुकड्यांचे पुंजके बाहेरून पिवळट दाण्यांसारखे दिसतात. १ ते ५ मिलिमीटरचे, मानेच्या बाजूंना सुरू होणारे, मग काख, कोपराची आतली आणि गुडघ्याची मागची बाजू, जांघ, बेंबी. दाणे एकमेकांना मिळाले की कातडी पिसं काढलेल्या कोंबडीसारखी दिसते. हे वर्णन ऐकायला बरं नाही, पण जगभरचे डॉक्टर तेच वापरतात. आरशासमोर खालचा ओठ उलटून आतल्या बाजूला बघा. तिथेही पिवळट ठिपके असतील तर डॉक्टरांना दाखवा.

नावातला ‘झँथोमा’ म्हणजे पिवळी गाठ. सुरुवातीला डॉक्टरांना या चरबीच्या गाठी वाटल्या होत्या. १८९६ मध्ये दारिये या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं की चरबीचा संबंध नाही, बिघाड लवचिक तंतूंत आहे, म्हणून मागे ‘स्युडो’ म्हणजे खोटा हा शब्द लागला. डोळ्यांचा धागा जुळायला मात्र १९२९ उजाडलं. ग्रोनब्लाड या स्वीडिश नेत्रतज्ज्ञ बाई आणि स्ट्रँडबर्ग हे त्वचातज्ज्ञ, यांनी एकाच रुग्णाची मान आणि डोळ्याचा पडदा शेजारी ठेवून पाहिला.

पडद्याच्या मागे एक पातळ अस्तर असतं आणि त्यातही लवचिक तंतूंचा थर आहे. त्यावर क्षार चढले की ते वाळलेल्या मातीसारखं तडकतं. या भेगा डोळ्याच्या नसेपासून बाहेर पसरत जातात, तांबूस-तपकिरी रेषांसारख्या. भेग मधल्या भागापासून दूर असेल तर दृष्टीला काहीच होत नाही, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतो. तुम्हाला स्वच्छ दिसतंय ते यामुळेही असू शकतं. पुढे कधीतरी, बहुधा चाळिशीच्या आसपास, एखाद्या भेगेतून नव्या नाजूक रक्तवाहिन्या आत शिरतात, पाझरतात, फुटतात. ते मधोमध झालं तर वाचन, शिवण, समोरच्याचा चेहरा ओळखणं अवघड होतं. कडेची नजर सहसा राहते, म्हणजे पूर्ण अंधत्व येत नाही. आणि पाझर सुरुवातीलाच पकडला तर डोळ्यात दिलेल्या इंजेक्शनांनी तो बराच आवरता येतो, सुरुवातीला साधारण महिन्याला एक, पुढे पडद्याची स्थिती बघून. उशीर झाला आणि मध्यभागी व्रण धरला की तीच इंजेक्शनं फारसं काही परत देत नाहीत. म्हणून घाई.

तपासणीला जाताना सोबत कोणीतरी न्या. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्यानंतर चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो. स्कूटी चालवत परत यायचा बेत ठेवू नका. पडद्याचा फोटो आणि ‘ओसीटी’ नावाचा स्कॅन, दोन्ही करून त्यांच्या प्रती मागून घ्या, पुढच्या वर्षी तुलनेला लागतील. भेगा नसल्या तरी वर्षातून एकदा, असल्या तर डॉक्टर सांगतील तितक्या वेळा.

दोन तपासण्यांच्या मधे घरी करायची एक गोष्ट. १० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन आखा, त्यात दर ५ मिलिमीटरला आडव्या-उभ्या रेषा. २० गुणिले २० म्हणजे ४०० चौकटी होतात. गडद काळ्या पेनने, पट्टी धरून. बरोबर मधे एक ठसठशीत ठिपका. याला ‘ॲम्सलरची जाळी’ म्हणतात. छापील मिळाली तर उत्तम, कारण हाताने आखलेली रेष मुळात वाकडी असेल तर उगाच घाबरायला होतं. ती कपाटाच्या दाराला आतून डकवा. चांगल्या उजेडात ३० सेंटिमीटरवर उभ्या राहा, डावा डोळा तळव्याने झाका, दाबू नका, आणि उजव्याने फक्त ठिपक्याकडे बघा. नजर न हलवता बघायचं की आजूबाजूच्या रेषा सरळ आहेत का, कुठे लाटेसारख्या वळल्यात का, एखादी चौकट गायब किंवा करडी दिसते का. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून ही चाचणी केली तर तिला अर्थ नाही. चांगला डोळा बिघडलेल्याची चूक झाकून टाकतो. बहुतेक लोक इथेच चुकतात. आठवड्यातून दोन-तीनदा, दात घासताना केली तरी चालेल. रेषा वळलेली दिसली तर ‘उद्या परत बघू’ करत आठवडा घालवू नका, एक-दोन दिवसांत डॉक्टरांना गाठा.

आता त्या गोळ्या. या आजारात जठराच्या भिंतीतल्या छोट्या धमन्याही ठिसूळ होतात आणि काही जणांना तिथून रक्तस्राव होतो, कधी तरुण वयातच. मेफेनामिक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, ॲस्पिरिन ही सगळी एकाच कुळातली. ती जठराचं अस्तर सोलतात आणि रक्त गोठण्यातही कमी-अधिक आडवी येतात. म्हणून पाळीसाठी पॅरासिटामॉल घ्या: ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, पुढच्या डोसपर्यंत सहा तास जाऊ द्या, दिवसभरात सहापेक्षा जास्त नको, आणि यकृताचा काही त्रास असेल तर आधी विचारा. सोबत शेकायची पिशवी. एवढ्याने भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला, दुसरे मार्ग आहेत. औषधाच्या दुकानात ‘पाळीची गोळी द्या’ म्हटलं की पाकिटावर वेगळं नाव असलं तरी आत बहुधा मेफेनामिकच असतं, तेव्हा स्ट्रिपमागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा.

रक्तस्राव कसा ओळखायचा? शौच डांबरासारखं काळं, चिकट, चकाकतं, वेगळाच उग्र वास. लोहाच्या गोळ्यांनीही काळसर होतं, पण ते हिरवट काळं आणि बांधलेलं असतं. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही आलं, काळं शौच झालं, किंवा उभं राहताच भोवळ आली तर थेट दवाखाना. तिथे आजाराचं नाव सांगा. हे नाव तोंडी सांगून कोणाच्या लक्षात राहात नाही. कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, मोबाइलवर फोटोही असू द्या.

कॅल्शियमबद्दल लोक दोन टोकांना जातात. ‘क्षार चढतात ना, मग दूध बंद.’ असं करू नका. तुमच्या रक्तातलं कॅल्शियम तपासलं तर बहुधा अगदी सामान्य निघेल, कारण दोष कॅल्शियम जास्त असण्यात नाही. एबीसीसी ६ नावाचं जनुक मुख्यतः यकृतात काम करतं, आणि त्याच्या कामामुळे रक्तात पायरोफॉस्फेट हा पदार्थ तयार होतो. क्षार भलतीकडे जमू नयेत यावर त्याचा पहारा असतो. जनुक बिघडलं की पहारा ढिला पडतो. त्यामुळे दूध, ताक, नाचणी, तीळ रोजच्यासारखे चालू ठेवा. प्रौढ बाईची रोजची गरज साधारण १००० मिलिग्रॅम धरतात, ती जेवणातून भागवायचा प्रयत्न करा. वरची गोळी आईने अंदाजाने सुरू केली आहे, ती थांबवा आणि खरोखर कमतरता आहे का ते डॉक्टरांना ठरवू द्या. गरोदरपणात सगळ्यांना कॅल्शियमच्या गोळ्या देतात, तेव्हाही हा विषय काढा.

दाणे जाणार नाहीत. हे मोघम ठेवण्यात अर्थ नाही, कारण ‘जातील’ म्हणणारा कोणीतरी भेटेलच आणि पैसे घेईल. क्षार आतल्या थरात आहेत, मलम तिथे पोचून ते विरघळवत नाही. स्टेरॉइडचं मलम तर मुळीच नको, त्याने कातडी पातळ होते. कोलॅजेनच्या पावडरींचा इथे काही संबंध नाही. वज्री बंद: दाणे तसेच राहतात आणि वरून घासल्याच्या जखमांनी मान काळवंडते. ब्लीच लव पिवळी करतं, दाण्यांपर्यंत पोचत नाही. साधं मॉइश्चरायझर लावा. पुढे कातडी फार लोंबली तर शस्त्रक्रियेने घट्ट करता येते, पण जखम भरताना टाक्यांतून क्षाराचे कण बाहेर येऊ शकतात आणि व्रण रुंद राहू शकतो. आज तुमच्या वयाला तो विचार नको. हे कोड नाही, कुष्ठ नाही, एकाच टॉवेलने कोणाला लागत नाही. हळद खुशाल लावून घ्या.

आता नात्याचा भाग, तोच खरा अवघड आहे. ‘मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क’ हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, त्यामुळे आकडे शांतपणे बघू. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. तुमच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत, म्हणून आजार. आई आणि बाबा दोघांकडे एक-एक बिघडलेली प्रत आहे. दुसरी चांगली असल्यामुळे ते ठणठणीत, यांना वाहक म्हणतात. बाबा वाहक, म्हणजे त्यांची सख्खी बहीण, तुमची आत्या, वाहक असण्याची शक्यता निम्मी. तिच्या मुलाची त्याच्या निम्मी, म्हणजे चारात एक. तुमच्याकडून बाळाला बिघडलेलीच प्रत जाणार, कारण दुसरी नाहीच. त्याच्याकडून जाण्याची शक्यता चारात एकाच्याही निम्मी. म्हणून आज, कसलीही चाचणी न करता, प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता आठात एक. आत्याचे यजमानही तुमच्याच रक्ताच्या नात्यातले असतील तर आकडा वाढतो. नात्याबाहेरच्या मुलाशी लग्न केलं तर तीच शक्यता साधारण दोनशे-तीनशेत एक इतकी खाली येते.

पण आठात एक हा आकडा अंदाजाचा आहे आणि जनुकाच्या एका चाचणीने तो मोडता येतो. आत्याचा मुलगा वाहक नाही असं निघालं तर धोका जवळजवळ संपला. सगळी मुलं वाहक होतील, आजारी नाही. वाहक निघाला तर दोनात एक. हे दोन निकाल इतके वेगळे आहेत की चाचणीआधी लग्न मोडणं घाई, आणि चाचणीआधी लग्न लावणंही घाईच.

क्रम महत्त्वाचा: आधी तुमची चाचणी, मग त्याची. दोन-तीन मिलिलिटर रक्त लागतं, जांभळ्या झाकणाच्या नळीत. तुमच्या दोन प्रतींत नेमका कुठे बिघाड आहे ते कळलं की त्याच्या रक्तात तेवढंच शोधायचं असतं. उलट क्रमाने केलं आणि त्याच्यात ‘काही सापडलं नाही’ असा अहवाल आला, तर खरंच काही नाही की शोधणाऱ्याच्या नजरेतून सुटलं, हे कळायला मार्ग राहात नाही. सुटण्याचं कारणही खास आहे. या जनुकाच्या सुरुवातीच्या भागाच्या दोन निकामी नकला आपल्या जनुकसंचात शेजारीच आहेत, त्या वाचताना गोंधळ होतो. आणि काही कुटुंबांत जनुकाचा मोठा तुकडाच गायब असतो, जो साध्या वाचनात दिसत नाही. म्हणून प्रयोगशाळेला दोन प्रश्न विचारा: खोट्या नकला वेगळ्या काढता का, आणि मोठे गाळलेले तुकडे शोधता का? तुमच्या बाबतीत एक सोय आहे. आई-बाबा नात्यातले, त्यामुळे दोन्ही प्रतींत एकच बिघाड असण्याची शक्यता जास्त, शोध त्या मानाने सोपा. अहवालाला काही आठवडे धरा, म्हणजे आजच रक्त दिलं तर तुळशीच्या लग्नाआधी बोलायला वेळ उरतो. अहवाल एकट्याने वाचू नका, जनुकीय समुपदेशकासमोर बसून वाचा. मुंबईचं केईएम रुग्णालय केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात उत्कृष्टता केंद्र आहे, तिथे विचारणा करता येईल.

त्याआधी त्वचेच्या डॉक्टरांकडून एक गोष्ट पक्की करा. तुमच्या बायोप्सीच्या, म्हणजे काढलेल्या कातडीच्या तुकड्याच्या अहवालात क्षारांचं खास रंजन, म्हणजे रंग चढवून तपासणं, केल्याचा उल्लेख आहे का? ‘फॉन कोसा’ नावाच्या रंजनात क्षार काळे उठून दिसतात. नसेल तर पुन्हा टाका घालायची गरज नाही, प्रयोगशाळेत तोच तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो, त्यावरच ते करून मिळतं. आणि थॅलेसेमिया व सिकलसेलसाठी रक्ताची एचपीएलसी तपासणीही करून घ्या. थॅलेसेमियात असेच दाणे आणि अशाच भेगा दिसू शकतात, सिकलसेलमध्ये भेगा. आणि तसं निघालं तर वर केलेला सगळा हिशेब दुसऱ्या जनुकाचा होतो.

आत्याला सांगायचंच. कारण हा फक्त तुमच्यातला ‘दोष’ नाही, निम्म्या शक्यतेने तिच्याही रक्तात आहे, आणि तिच्या बाकी मुलांची लग्नंही नात्यातच ठरणार असतील तर तिला हे हवंच आहे. तुम्ही एकटीने सांगू नका. बाबांनी सांगावं, बहिणीला भावाने. ‘मुलीला असं झालंय’ अशी सुरुवात न करता ‘आपल्या घरात हे आहे, माझ्यात आहे, तुझ्यातही असू शकतं’ अशी करावी. अहवालाची वाट न बघता, रक्त दिलं त्याच आठवड्यात.

मूल होण्याआधी एकदा पडदा तपासून घ्या. पाझर असेल तर त्यावरची इंजेक्शनं गरोदरपणात शक्यतो टाळतात, म्हणून ते आधी निस्तरलेलं बरं. एरवी या आजारात बहुतेक बाळंतपणं सुरळीत होतात, आणि केवळ या नावासाठी सिझेरियन करायचं कारण नाही. गरोदरपणात कधी कमी डोसचं ॲस्पिरिन सुचवतात. तेव्हा रक्तस्रावाचा मुद्दा तुम्ही स्वतः काढा.

पायाच्या धमन्याही पुढे कडक होतात, चालताना पोटरी धरून येते आणि थांबलं की सुटते. त्यासाठी रोज चालणं, वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल. तंबाखू पूर्ण बंद. घरात बायका मिश्री लावत असतील आणि तुम्हीही सकाळी बोट फिरवत असाल, तर तीही तंबाखूच.

राहिला भाऊ. त्यालाही हा आजार असण्याची शक्यता चारात एक आहे. १९ व्या वर्षी मान स्वच्छ असणं ही चांगली खूण, पण काही जणांत दाणे उशिरा आणि आधी फक्त काखेत येतात. हात वर करून काखा बघा, ओठ उलटून बघा, आणि तुमच्याबरोबरच त्याचाही पडदा तपासून घ्या. ठिसूळ अस्तराच्या डोळ्यावर कोपर किंवा गुडघा बसला तर त्या एका फटक्याने आत रक्तस्राव होऊ शकतो, आणि पकडीत कोपर कुठे बसेल याचा कबड्डीत भरवसा नसतो. पडद्यावर भेगा निघाल्या तर कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग थांबवायचं. पळणं, सायकल, पोहणं चालतं, क्रिकेट खेळला तर हेल्मेट आणि पॉलिकार्बोनेटचा चष्मा. भेगा नसल्या तरी त्याच्या जनुकाचा निकाल येईपर्यंत डॉक्टरांना विचारूनच मैदानात उतरू दे. डोळ्यांच्या तपासणीला एक सकाळ लागते, आणि थेंब घातलेल्या दिवशी सराव बुडेल, एवढं त्याला आधी सांगा.